तेलाच्या टाकीपाशी

हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात पाहुणे आले की ते भट्टीपाशी थांबतात. साहजिकच आहे. दार वर गेलं की आतला नारिंगी उजेड तोंडावर येतो, दहा फुटांवरही झळ लागते, पॅनलवर आकडे लुकलुकत असतात. पार्टीचे क्वालिटीचे लोक ऑडिटला येतात तेही तिथंच रेंगाळतात. थर्मोकपल कधी तपासलं, तापमानाचा ग्राफ कुठे आहे, भट्टीच्या चारही कोपऱ्यांत किती अंशांचा फरक पडतो, सगळं विचारून होतं. शेजारी तेलाची टाकी असते. जमिनीत निम्मी गाडलेली, काळी, कडेला सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकलेला. तिच्यापाशी कुणी थांबत नाही. आणि मला इतकी वर्षं या कामात राहून ठामपणे सांगावंसं वाटतं ते हेच, की पोलादाचं काय होणार हे त्या टाकीत ठरतं. भट्टीत तासन्‌तास जे चालतं ते सगळं टाकीतल्या पहिल्या काही सेकंदांत फळाला येतं, नाहीतर वाया जातं.

माझी सुरुवात भोसरीच्या एमआयडीसीत झाली. माल गाड्यांचा: गिअर, शाफ्ट, पिना, बुश. चलनाबरोबर मऊ माल यायचा आणि कडक होऊन परत जायचा. इंग्रजीत आग विझवणं, तहान भागवणं आणि तापलेलं पोलाद झटक्यात थंड करणं या तिन्हींना एकच क्रियापद आहे: क्वेंच. आमच्या शॉपमध्ये त्यातला तिसरा अर्थ चालतो आणि तो पार मराठी होऊन गेला आहे. ‘चार्ज क्वेंच झाला का’, ‘याला पाण्यात क्वेंच मारू नका’, ‘क्वेंचला जॉब वाकला’ ही वाक्यं दिवसभर कानावर असतात. (चार्ज म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेला माल.) गावाकडचा लोहार याच कामाला पाणी पाजणं म्हणतो. ते बोलणंही जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गावर एक अध्याय आहे आणि तलवारीला कोणतं पान द्यावं हे त्यात सांगितलं आहे. रक्त, तूप, पाणी, घोडीचं, सांडणीचं, हत्तिणीचं दूध. कोणत्या इच्छेसाठी काय पाजायचं याचाही हिशेब तिथं आहे. इच्छेचा भाग सोडून दिला, तरी कोणत्या द्रवात बुडवलं यावर पात्याचा गुण अवलंबून असतो हे त्या काळच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, एवढं त्यावरून कळतं.

शिकाऊ मुलं आली की मी त्यांना आधी मोठ्या टाकीपाशी नेत नसे. लॅबमध्ये मासे ठेवायला वापरतात तशी एक काचेची पेटी होती. तीत पाणी भरायचं, ईएन ८ या साध्या कार्बन पोलादाचा बोटाएवढा जाड तुकडा छोट्या भट्टीत ८५० अंशांना लाल करायचा आणि सांडशीनं धरून सरळ पाण्यात उतरवायचा. मुलांची अपेक्षा असते की लगेच चर्र होऊन पाणी उसळेल. तसं होत नाही. पहिला क्षण जवळजवळ शांत जातो. तुकडा पाण्याखाली असतो आणि तरी लालच दिसतो. त्याच्याभोवती एक चकचकीत, थरथरणारं, चंदेरी आवरण दिसतं. ती वाफ. लोखंड इतकं गरम असतं की पाण्याला त्याला शिवताच येत नाही. घावन घालण्याआधी तवा तापला का ते पाहायला पाण्याचा हबका मारतात, तेव्हा फार तापलेल्या तव्यावर थेंब न आटता गोळ्या होऊन पळत सुटतात, तोच हा प्रकार. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं लाल तापवलेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे थेंब टाकून हे नीट पाहिलं आणि १७५६ साली लिहून ठेवलं. आजही हा परिणाम त्याच्याच नावानं ओळखला जातो.

मग ते आवरण फाटतं. कोपऱ्यांपासून, कडांपासून. पाणी लोखंडाला भिडतं आणि आता मात्र उकळीचा खरा आवाज होतो. सांडशीतून हाताला हादरे जाणवतात. सर्वात जास्त उष्णता याच काळात ओढली जाते. तुकडा बघता बघता काळा पडतो. शेवटी बुडबुडे संपतात, पाणी नुसतं खालून वर फिरत राहतं आणि तुकडा सावकाश थंड होतो. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. पण हे तीन टप्पे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा पुढं टाकीपाशी उभा राहिला की त्याला जॉबच्या आजूबाजूला काय चाललंय ते दिसायला लागतं, तेल काळं असलं तरी.

वाफेचं आवरण एखाद्या जागी जास्त वेळ चिकटून राहिलं तर तेवढी जागा मऊ राहते. हार्डनेस मशीनवर एका बाजूला ५५ दाखवतं आणि तोच जॉब फिरवला की ४० च्या खाली. म्हणून जॉब नुसता बुडवून ठेवायचा नसतो, हलवायचा असतो. म्हणून टाकीत पंखे असतात आणि बास्केटमध्ये जॉब एकमेकांना खेटून रचायचे नसतात. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त कडक क्वेंच देतं, तेही यामुळेच. मीठ विरघळलेल्या पाण्यात वाफेचं आवरण टिकत नाही, लगेच फुटतं. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या युरोपीय साधूनं कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तापलेलं हत्यार बोकडाच्या नाहीतर तांबड्या केसांच्या लहान मुलाच्या लघवीत बुडवावं, साध्या पाण्यापेक्षा ते जास्त कडक होतं, असं सांगितलंय. केसांच्या रंगाचा संबंध नाही. पण लघवीत क्षार असतात, आणि त्या माणसाचं निरीक्षण खरं होतं.

एवढी घाई कशासाठी, तेही सांगायला हवं. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. ईएन ८ मध्ये ०.४ टक्क्याच्या आसपास. आठशे-साडेआठशे अंशांना लोखंडाचे अणू अशा रचनेत असतात की कार्बनला त्यांच्यात आरामात राहता येतं. सावकाश थंड केलं तर रचना बदलताना कार्बन बाजूला होतो, आपले वेगळे पापुद्रे करतो आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यात थंड केलं तर त्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. लोखंड आपली रचना बदलतं आणि कार्बन आतच अडकतो. सगळी रचना ताणली जाते. तो ताण म्हणजेच कडकपणा. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून. साध्या कार्बन पोलादाला साधारण साडेपाचशे अंशांचा टप्पा एखाद्या सेकंदात ओलांडावा लागतो, नाहीतर कार्बन निसटतो. डेव्हनपोर्ट आणि बेन या दोन अमेरिकनांनी १९३० साली कोणत्या तापमानाला किती वेळ हाताशी असतो याचे आलेख काढले आणि पिढ्यान्‌पिढ्या अंदाजानं चाललेलं काम कागदावर आलं. क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलं की हा वेळ वाढतो. म्हणून ईएन ८ ला पाणी लागतं आणि ईएन १९ ला तेल पुरतं. डाय बनवायच्या काही पोलादांना तर नुसती हवा पुरते.

मग सगळ्यालाच पाणी का नाही, असं नवी मुलं हमखास विचारतात. कारण पोलाद थंड होताना आकसतं, पण मार्टेन्साइट होताना फुगतं. बाहेरचं कातडं आधी थंड होऊन, फुगून, कडक होऊन बसलेलं असतं. आतला गाभा मागाहून फुगतो. बाहेरच्याला आता पसरता येत नाही. जितकी घाई जास्त तितका आतबाहेरचा फरक जास्त. कुठे धारदार कोपरा असला, भोक असलं, जाड भागाला अचानक पातळ भाग जोडलेला असला की तिथं जॉब तडकतो. पुरेशी घाई हवी आणि त्याहून जरासुद्धा जास्त नको, हे या कामाचं सगळं मर्म. तेल, पाणी, मिठाचं पाणी, पॉलिमरचं पाणी ही त्या घाईची वेगवेगळी मापं आहेत.

हे माप हातानं किती नेमकं साधता येतं ते मी एका घिसाडी कुटुंबाकडे पाहिलं. आळंदी रस्त्याच्या कडेला गाडा सोडून, जमिनीत छोटा खड्डा करून, हातपंख्यानं कोळसा फुलवत ते कोयते आणि खुरपी करत होते. पुरुष सांडशीनं लोखंड धरायचा आणि बाई घण घालायची. लोखंड ट्रकच्या पाट्याचं. पातं तयार झाल्यावर त्यानं ते पुन्हा तापवलं, पण पाण्यात बुडवली ती फक्त धार, दोन बोटं. पाठ लालसरच ठेवली. लगेच बाहेर काढून विटेवर घासून धार पांढरी केली आणि डोळ्यांजवळ धरून बघत बसला. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते तसा त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चढत जातो: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळ्याची चाहूल लागली तसं त्यानं पातं पूर्ण पाण्यात सोडलं. आमच्याकडे हार्डनिंगला एक भट्टी आणि टेंपरिंगला, म्हणजे कडक झालेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायला, दुसरी. त्यानं दोन्ही कामं एकाच तापवण्यात, एका बादलीवर उरकली. तो कोयता मी विकत घेतला आणि शॉपमध्ये मशीनवर लावला. धारेला पन्नासच्या वर, पाठीला तिशीच्या आसपास. ऊस तोडणाऱ्याला हेच हवं असतं. धार टिकली पाहिजे आणि दगडावर बसलं तरी पातं तुटता कामा नये. त्या माणसाकडे ना तापमापी होती ना ग्राफ. त्याच्याकडे पाण्यात किती बुडवायचं आणि कधी काढायचं याची जाण होती. आमच्या धंद्यात या जाणेला पुरेसा मान मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता एका तडकलेल्या मालाबद्दल. एका पार्टीचे ईएन १९ चे शाफ्ट आमच्याकडे यायचे. एका टोकाला की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच. आमच्याकडून हार्डनिंग-टेंपरिंग होऊन जायचे, तिकडे ग्राइंडिंग व्हायचं आणि मग मॅग्नाफ्लक्सला, म्हणजे चुंबकानं भेगा शोधायच्या तपासणीला, लावले की काहींच्या की-वेच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ दिसायची. पार्टी म्हणाली, तुमचा क्वेंच फार कडक आहे. शॉपचं म्हणणं पडलं, बारमध्येच क्रॅक असणार, माल खराब. दोन्हीकडून पत्रं सुरू झाली. असे वाद पत्रांवर मिटत नाहीत, क्रॅक उघडून बघावा लागतो.

मी तीन शाफ्ट घेतले, क्रॅकच्या मागच्या बाजूनं कापत आणले आणि प्रेसवर मोडून क्रॅकचे दोन्ही काठ उघडे केले. मोडलेल्या भागात दोन रंग स्वच्छ वेगळे दिसत होते. आत्ता मोडलेली जागा करडी, चकाकती. आणि जुन्या क्रॅकची जागा काळसर-निळी. तो रंग टेंपरिंगच्या भट्टीत चढतो. सहाशे अंशांच्या आसपास हवा लागली की असा थर बसतो. म्हणजे जॉब टेंपरिंगला जाण्याआधीच तडकलेला होता, ग्राइंडिंगमध्ये नाही. मग क्रॅकच्या शेजारचा तुकडा घासून, एच करून मायक्रोस्कोपखाली धरला. क्रॅक आधीपासून बारमध्ये असता तर ८५० अंशांना त्याच्या काठांवर खपली धरली असती आणि काठांतला कार्बन जळून पांढरट पट्टा दिसला असता. तसं काहीच नव्हतं. काठ स्वच्छ होते. तेव्हा क्रॅक गेला तो क्वेंच आणि टेंपरिंग यांच्या मधल्या वेळात.

हा मधला वेळ कुठून आला? शिफ्टचं रजिस्टर चाळलं. संध्याकाळी हार्डन झालेला माल टेंपरिंगची भट्टी मोकळी नसल्यामुळे रात्रभर जमिनीवर पडून राहत होता. क्वेंच होऊन टेंपरिंग न झालेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं आणि आतला ताण काम करतच असतो. रात्रपाळीच्या एका हेल्परनं सांगितलं, “साहेब, रात्री शांत झालं की कधी कधी बास्केटमधून टक् आवाज येतो. आम्हाला वाटायचं, लोखंड निवतंय.” लोखंड निवत नव्हतं, तडकत होतं. त्या पोराला आवाज माहीत होता, पण तो कुणाला सांगायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

इलाज दोन झाले. तेलातून काढलेला जॉब हाताला जेमतेम सोसवेल इतका कोमट असतानाच टेंपरिंगला गेला पाहिजे, भट्टी मोकळी नसेल तर हार्डनिंगचा चार्ज घ्यायचाच नाही, असा नियम झाला. दुसरा इलाज पार्टीच्या हातात होता: ड्रॉइंगवर की-वेचा कोपरा काटकोनात टोकदार होता, तिथं छोटी गोलाई हवी होती. यावर बरीच ओढाताण झाली. कटर बदलावा लागेल, खर्च येईल. शेवटी गोलाई मिळाली आणि त्या शाफ्टचे क्रॅक थांबले. ड्रॉइंग काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कागदावरचा कोपरा टोकदार असो की गोल, संगणकाला सारखाच पडतो, पण टोकदार असला तर तेलात उतरल्यावर सगळा ताण तिथंच येऊन बसतो. वर्षातून एकदा तरी आपला जॉब टाकीत उतरताना येऊन बघा.

तेलाबद्दल लोकांची एक समजूत असते की ते एकदा भरलं की झालं. तेल म्हातारं होतं. रोज लाल लोखंड पोटात घेऊन ते जळतं, दाट होतं, त्यात गाळ आणि भट्टीतली काजळी साठते आणि त्याची ओढ बदलते. थंड तेल दाट असतं, जॉबभोवती नीट फिरत नाही. म्हणून ते साठ-सत्तर अंशांना राखतात. आमच्याकडे गुरुवार सुट्टीचा. शुक्रवारी सकाळी टाकी गार पडलेली असायची आणि डिस्पॅचची घाई असायची. तेल तापायची वाट न पाहता पहिला चार्ज उतरवला की त्या चार्जचे आकडे विखुरलेले यायचे. मे महिन्यात पाण्याच्या टाकीचं नेमकं उलटं. पाणी चाळिशीला टेकलं की त्याचा दम जातो, वाफ जास्त वेळ चिकटून राहते. हे सगळं ज्यानं त्यानं शिकलेलं असतं, पण महिन्याचा खर्च कमी करायचा झाला की कात्री पहिली लागते ती तेलाच्या तपासणीला.

आणि तेलात पाणी गेलं तर गोष्ट आकड्यांवर थांबत नाही. तेल थंड ठेवायला हीट एक्सचेंजर असतो: एका बाजूनं तेल, दुसऱ्या बाजूनं पाणी, मध्ये पातळ नळ्या. एखादी नळी गंजून भोक पडलं की पाणी तेलात शिरतं. पाणी जड, ते तळाला जाऊन बसतं. वरून टाकी रोजच्यासारखीच दिसते. मग लाल चार्ज खाली उतरतो, तळ ढवळला जातो, पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट जागा मागतं. तेल फेसाळून टाकीबाहेर येतं आणि वर भट्टी पेटलेली असते. जगभर हीट ट्रीटमेंटमध्ये ज्या मोठ्या आगी लागल्या, त्यांतल्या पुष्कळ अशाच लागल्या आहेत.

आमच्या रात्रपाळीला एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एका रात्री एक लहान चार्ज तेलात गेल्यावर त्यांनी पंखे बंद करून टाकीपाशी कान दिला. मी त्या रात्री शॉपमध्येच होतो. मला वेगळं काही ऐकू आलं नाही. मामा म्हणाले, “साहेब, तेल कडकडतंय. आधी असं बोलत नव्हतं. पुढचा चार्ज घेऊ नका.”

पुढचा चार्ज मोठा होता आणि भट्टीत तयार होता. सकाळी पार्टीची गाडी लागणार होती. प्रॉडक्शनचे साहेब फोनवरून म्हणत होते की एवढा एक उतरवा, मग बघू. मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी लांब दांड्याच्या पळीनं तळाजवळचं तेल काढलं, लोखंडी पत्रा गॅसवर तापवला आणि त्यावर ते थेंब थेंब सोडलं. स्वच्छ तेल असं सोडलं तर नुसता धूर येतो. हे तेल तडतडलं, मोहरीसारखं उडायला लागलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. भट्टीचं तापमान उतरवून चार्ज आतच ठेवला. उजाडल्यावर टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला, तर आधी तेल आलंच नाही. गढूळ, पांढुरकं पाणी आलं, आणि येतच राहिलं. एक्सचेंजर खोलला तेव्हा एका नळीला टाचणीनं पाडावं तेवढं भोक होतं.

त्या रात्री काहीच घडलं नाही, म्हणून त्याची नोंद कुठेही झाली नाही. गाडी एक दिवस उशिरा गेली, एवढीच नोंद झाली. मामांना त्याबद्दल बक्षीस मिळालं नाही, शाबासकीही कुणी लेखी दिली नाही. मला ते अजून खटकतं. त्या शेडमध्ये रात्री माणसं काम करत होती.

भारनियमनाच्या वर्षांत याच माणसांची आणखी एक परीक्षा असायची. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. खड्ड्याच्या भट्टीतून लाल बास्केट क्रेननं उचलायची, टाकीवर आणायची आणि खाली सोडायची. याच्या मधोमध वीज गेली तर बास्केट अर्धी तेलात आणि अर्धी बाहेर लटकून राहते. अर्धवट बुडालेलं लाल लोखंड ही सर्वात वाईट अवस्था. तेलाच्या पृष्ठभागावर ज्वाळा उठतात आणि लोखंड तिथं आहे तोवर त्या विझत नाहीत. अशा वेळी नवखा माणूस बादलीकडे धावतो. पेटलेल्या तेलावर पाणी टाकणं म्हणजे आग चौफेर पसरवणं. जाणता माणूस क्रेनचा ब्रेक हातानं सोडून बास्केट पूर्ण खाली घालतो. लोखंड तेलाखाली गेलं की ज्वाळेला तापवणारं काही वर उरत नाही आणि आग बहुतेक वेळा आपोआप बसते; उरलीसुरली कार्बन डायऑक्साइडनं किंवा फोमनं विझवायची. आमच्याकडे प्रत्येक शिफ्टमध्ये ब्रेक हातानं सोडता येणारी दोन माणसं असलीच पाहिजेत असा नियम होता. गुरुवारी भट्ट्या बंद असताना त्याचा सराव करून घेतला जायचा. गार बास्केट, बंद वीज, शिडी आणि घड्याळ. कंटाळवाणा सराव, पण मी तो कधी चुकू दिला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीला मोठा हार असायचा, पॅनलवर गंधाची बोटं उमटायची, हार्डनेस मशीनपुढं नारळ फुटायचा. मामा मात्र झेंडूची एक माळ टाकीच्या कठड्याला बांधायचे आणि त्या दिवशी कठडा स्वतः पुसायचे.

आता चाकणला, रांजणगावला नवे कारखाने झालेत. बंद चेंबरची भट्टी आहे, जॉब हवेला न लागताच तेलात उतरतो, तेलातलं पाणी मोजणारा सेन्सर आहे, पंख्यांचा वेग पडद्यावरून बदलता येतो. हे चांगलंच झालं. माणसाच्या तोंडावर येणारी झळ कमी झाली. पण सेन्सरची तार तुटते, त्यावर काजळी बसते आणि पडद्यावर हिरवा दिवा दिसत राहतो. टाकीपाशी माणूस लागतोच, आणि त्यानं बोललेलं ऐकलं जावं लागतं. आजही बहुतेक शॉपमध्ये चार्ज थांबवायचा झाला तर ऑपरेटरला सुपरवायझरला विचारावं लागतं, सुपरवायझरला मॅनेजरला, आणि मॅनेजरचं लक्ष गाडीकडे असतं. मामांच्या जागी थोडा कमी हट्टी माणूस असता तर तो चार्ज उतरला असता.

म्हणून कारखाना चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तेल बोलत असेल, जॉब तडकल्याचा आवाज आला असेल, तेल गार वाटत असेल, तर चार्ज थांबवायचा अधिकार टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला द्या. तोंडी नको, लेखी द्या. त्या माणसाच्या नावानं, शिफ्टच्या बोर्डावर लावून द्या. आणि त्यानं चार्ज थांबवला व पुढं तपासणीत तेल चांगलं निघालं, तरी त्याचा पगार कापू नका.